पहिला बांध कोणीं घातला ?

गांव कोणीं वसविला असा प्रश्न विचारला म्हणजे आपल्याकडे उत्तरादाखल एक नांव मिळतें. अमुक घराण्याचा मूळ पुरुष अमुक शतकांत येथें आला, त्यानें देवीची स्थापना केली, त्यास वतन मिळालें आणि गांव वसला. इतकें सांगून झालें कीं सांगणाराचें आणि ऐकणाराचें दोघांचेंही समाधान होतें. परंतु वस्ती होणें ही एका दिवसाची किंवा एका कागदाची गोष्ट नव्हे. जेथें रान होतें तेथें भाताचें खाचर व्हावयाचें म्हणजे झाडें तोडावीं लागतात, बुंधे खणून काढावे लागतात, उतार पाहून माती ओढावी लागते, दगड वेचून कडेस रचावे लागतात, आणि मग पाणी धरून ठेवील असा बांध घालावा लागतो. तो बांध पहिल्या पावसांत फुटतो, दुसऱ्या पावसांत खचतो, खेकडे त्यास भोकें पाडतात. आणि कांहीं वर्षें त्याच्या मागें राबल्यावर त्या कुटुंबास कोठें पोटापुरतें भात दिसूं लागतें. हें कुटुंब आपल्या मराठी वाङ्मयांत कोठें आहे, एवढाच आमच्या प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय सुचण्यास कारण झालें तें बदलापूर. कल्याण सोडून कर्जतकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं नांवें एकामागून एक येतात. तिघांचा जन्म तीन तऱ्हांचा आहे. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, तेथील शिलालेखांत शिलाहार राजा मामवाणि याचें नांव आहे. उल्हासनगर सर्वांत धाकटें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस तींत आसरा देण्यांत आला, आणि १९४९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस आजचें नांव मिळालें. बदलापूर हें नांव, लष्कराचे घोडे येथें बदलीत असत म्हणून पडलें अशी दंतकथा आहे. राजाचें नांव दगडावर राहिलें, गव्हर्नर जनरलचें इतिहासांत राहिलें, घोड्यांचें सुद्धां गांवाच्या नांवांत राहिलें; उल्हास नदीच्या दोहों कांठचीं खाचरें ज्यांनीं घडविलीं त्यांचें मात्र कोठेंच राहिलें नाहीं.

तथापि बदलापुरास एक भाग्य असें लाभलें आहे कीं जें महाराष्ट्रांतील फार थोड्या गांवांस लाभलें: त्यास चरित्रकार मिळाला. नारायण गोविंद चापेकर (१८६९–१९६८) हे न्यायखात्याच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर बदलापुरास राहिले, आणि १९३३ मध्यें त्यांनीं ‘बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘आमचा गांव’ हें त्याचें दुसरें नांव. पुढच्याच वर्षीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. समाजशास्त्र हा शब्द महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर क्वचितच ऐकूं येत असे त्या काळीं एका निवृत्त न्यायाधीशानें आपल्याच गांवाची, त्यांतील जातींची, घरांची, धंद्यांची, शेतीची, चालीरीतींची इतकी सांगोपांग पाहणी करावी ही गोष्ट आजही आश्चर्यकारक वाटते. गांवाविषयीं लिहावयाचें म्हणजे पिंपळाचा पार, नदीचा घाट आणि लहानपणच्या आठवणी, असा जो गोड प्रकार आमच्या मासिकांतून बोकाळला होता, त्याच्या शेजारीं हा ग्रंथ ठेवून पाहावा. एकांत लेखक दिसतो, दुसऱ्यांत गांव दिसतो. साक्षीदार श्रीमंत कीं गरीब हें न पाहतां त्याची साक्ष टिपून घ्यावी, ही न्यायासनावरची शिस्त चापेकरांनीं वाङ्मयांत आणली, आणि रूक्षपणाचा दोष पत्करूनही ती सोडली नाहीं. ग्रंथ रूक्ष आहे असें म्हणणारे वाचक आम्हांस भेटले आहेत. आमच्या मतें तो रूक्षपणा म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत होय.

परंतु पाहणी ह्या प्रकाराचीच एक मर्यादा आहे. ज्या दिवशीं पाहणारा दाराशीं उभा राहतो त्या दिवशीं घरांत जें आहे तें तो लिहितो. जमीन कोणाच्या नांवावर आहे आणि ती कोण कसतो हें त्यास विचारतां येतें; पण ती प्रथम कोणीं मोडली हें विचारलें तर उत्तर देणारा तेथें कोणी उरलेला नसतो. आणि ‘आमचा गांव’ ह्या दोन शब्दांतील ‘आमचा’ म्हणजे कोणाकोणाचा, हा प्रश्न ग्रंथाच्या मुखपृष्ठावरच उभा आहे. चापेकरांनीं पुढें १९३८ मध्यें ‘चित्पावन’ नांवाचें दुसरें पुस्तक लिहिलें. एका पुस्तकाचा विषय गांव, दुसऱ्याचा कुळांचा समूह. ह्या दोन पुस्तकांच्या मध्यें जी रिकामी जागा राहते तींतच आमचा प्रश्न आहे, आणि त्याची किल्ली ‘कूळ’ ह्या शब्दांत आहे असें आम्हांस वाटतें.

मराठींत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे घराणें: ज्यास गोत्र आहे, कुलदैवत आहे, ज्याची वंशावळ सांगतां येते तें. दुसरा अर्थ खंड भरून परक्याची जमीन कसणारा. पहिल्या अर्थाचें कूळ अभिमानानें सांगावयाचें, दुसऱ्या अर्थाचें कचेरींत दाखवावयाचें. एकच शब्द एका तोंडानें मूळ पुरुषाकडे पाहतो आणि दुसऱ्या तोंडानें मजुराकडे पाहतो, हा केवळ भाषेचा योगायोग आहे असें म्हणवत नाहीं.

उत्तर कोंकणच्या वसाहतीचा जुन्यांतला जुना मराठी वृत्तांत म्हणजे ‘महिकावतीची बखर’. ती विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १९२४ मध्यें छापून प्रसिद्ध केली. ओसाड पडलेल्या मुलखांत बिंब राजानें बाहेरून कुळें आणून वसविलीं, अशी तेथें कथा आहे. हीं कुळें ६६. त्यांत सोमवंशी आहेत, सूर्यवंशी आहेत, ब्राह्मण आहेत, आणि सात कुळें आगऱ्यांचीं आहेत. बखरीच्या ऐतिहासिक खरेपणाविषयीं पंडितांनीं वाद घालावा. आम्हांस मौज वाटते ती हिची, कीं मध्ययुगीन बखरकार ज्यांस ‘कूळ’ म्हणून मोजतो त्यांत खाजणांत राबणारा आगरीही आहे. राजवाड्यांनीं तर आपल्या लांबलचक प्रस्तावनेंत ह्याहीपलीकडे जाऊन, बिंबाच्या आधीं ह्या रानांत कोण होतें, कातकरी, वारली, ठाकर यांचा थर कोणता, असा प्रश्न मांडला. त्यांचीं अनुमानें आज सगळींच टिकतील असें नाहीं; पण गांवाचा इतिहास वतनदाराच्या सनदेपासून न मोजतां रानांतील माणसापासून मोजावा, ही बुद्धि त्यांस झाली हें विसरतां येत नाहीं.

त्यानंतर मात्र आमच्या लेखकांनीं पहिल्या अर्थाच्या कुळाचीच कांस धरली. विसाव्या शतकांत कोंकणांतील घराण्याघराण्यांचे कुलवृत्तांत निघाले. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या कपाटांत असा एखादा जाड ग्रंथ असेल. त्यांत चिकाटी आहे, वंशवृक्ष काढण्याची कळकळ आहे, आणि आपण कोण हें जाणण्याची ती इच्छा हास्यास्पद मानण्याचें कांहींच कारण नाहीं. पण ह्या ग्रंथांतील मूळ पुरुष नेहमीं कागद हातांत घेऊनच येतो. पेशवाईंत पडीत जमीन लागवडीस आणावयाची झाल्यास इस्ताव्याचा कौल देत: पहिल्या वर्षीं सारा माफ किंवा नाममात्र, मग वर्षावर्षानें चढत जाऊन कांहीं वर्षांनीं पुरा दर. व्यवस्था शहाणपणाची होती. रान मोडण्यास किती वर्षें लागतात हें सरकारला ठाऊक होतें असा तिचा अर्थ. कुलवृत्तांतकार कौलाची तारीख देतो, कौल देणाराचें नांव देतो. मधल्या ज्या वर्षांत सारा माफ होता त्या वर्षांत त्या जमिनीवर काय चाललें होतें, कोणाच्या पाठी उन्हांत होत्या, याविषयीं एक ओळ नसते. इस्ताव्याचीं तीं कोरीं वर्षें आपल्या वाङ्मयांतही कोरींच राहिलीं.

हा प्रश्न केवळ पुस्तकांचा नाहीं हें आमच्या वर्गांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. १९४८ चा कुळकायदा झाला, १९४९ मध्यें खोती रद्द करण्याचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणारा तो मालक असें ठरविणारा दिवस म्हणून नेमला गेला. तेव्हांपासून ठाणें, कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून मुंबई-पुण्यास आलेल्या घराघरांत एक वाक्य ऐकूं येतें: ‘आमची जमीन कुळकायद्यांत गेली.’ त्या वाक्यांतलें दुःख खोटें नाहीं. दोन खंडी भातावर घर चालविणाऱ्या विधवा त्यांत होत्या. ज्यांचा खंड हाच काय तो आधार अशीं म्हातारीं माणसें होतीं. पण त्या वाक्याचें व्याकरण पाहावें. जमीन ‘आमची’ होती, आणि ती ‘गेली’. कोठें गेली, कोणाकडे गेली, आणि आमची होण्यापूर्वीं ती काय होती, याला त्या वाक्यांत जागा नाहीं. आमच्या कादंबरीनें ह्या व्याकरणाची चिकित्सा करावयास हवी होती. तिनें तें केलें काय ?

कादंबरीकारांत रघुनाथ वामन दिघे यांच्याकडून सर्वांत मोठी आशा असावयास हवी होती. जन्म कल्याणचा, शिक्षण कायद्याचें, आणि पुढें खोपोलीजवळ विहारी येथें प्रत्यक्ष शेती. म्हणजे उल्हास ज्या बाजूनें उतरते त्याच बाजूचा हा लेखक. त्यांच्या ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ ह्या कादंबऱ्यांत माती, पाऊस आणि रान खरें आहे. पावसापूर्वींची काहिली त्यांच्याइतकी थोड्यांनीं लिहिली. पण कथानकास रंग चढूं लागला कीं अद्भुताचा मोह त्यांस आवरत नाहीं. नायक वाघाशीं झुंजावा, प्रेमिकांनीं रानोमाळ धांवावें, यांत बांध घालण्यासारखें कंटाळवाणें काम मागें राहतें. शेत करणें हें मुळांत कंटाळवाणें काम आहे, आणि तो कंटाळाच वाङ्मयांत आणणें हें कठीण काम आहे.

दिघे यांच्यानंतरच्या दोन मोठ्या कोंकणी कादंबऱ्या उत्तर कोंकण सोडून खोतीच्या मुलखांत जातात. गोपाल नीलकंठ दांडेकरांची ‘पडघवली’ १९५५ ची. खोताच्या घरांत लग्न होऊन आलेली अंबू ती सांगते, आणि झाडपाला, गुरेंढोरें, आजारपाजार, सणवार यांविषयींचें बाईमाणसाचें ज्ञान तिच्या बोलींतून इतक्या सहजतेनें येतें कीं त्याला मराठींत जोड नाहीं असें आम्ही बेधडक म्हणूं. पण ओघ सगळा ऱ्हासाकडे. गांव मोडत चालला आहे, माणसें मुंबईस जात आहेत, झाडें तुटत आहेत. वाचणाराचा कंठ दाटून येतो. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) तर दोन खंडांची, जगबुडी नदीच्या कांठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांची कथा. पेंडशांस वतनाची मस्ती, भावकींतील वैर, वाड्यांतला अंधार हें सारें फार चांगलें कळतें, आणि खोतांची भलावण त्यांनीं केली आहे असा आरोप कोणी करूं शकणार नाहीं. तरीही तुंबाड ज्या दिवशीं तुंबाड नव्हतें तो दिवस आम्हांस त्यांत हवा तसा मिळत नाहीं. घर पडतांना आमचे कादंबरीकार हजर असतात. घर उभें राहतांना हजर नसतात. पडत्या घराविषयीं लिहिलें म्हणजे करुणरस आयता मिळतो. घराचा पाया कोणीं खणला हें लिहूं गेलें म्हणजे मजुरीचा हिशेब निघतो, आणि हिशेबानें रसभंग होतो अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे.

बाहेरच्या वाङ्मयांत ह्या विषयावरचें नांवाजलेलें पुस्तक म्हणजे नॉर्वेच्या क्नूट हाम्सून याची १९१७ ची कादंबरी, जिचा गौरव १९२० च्या नोबेल पारितोषिकानें झाला. इसाक नांवाचा एक धिप्पाड, अडाणी माणूस उत्तरेकडील ओसाड रानांत चालत येतो, जागा पाहतो, झोंपडें बांधतो. मागून इंगर येते. शेळ्या येतात, गाय येते, बटाटे निघतात. आणि ही जमीन सरकारची आहे, तिचा कागद करावा लागेल, हें इसाकास कुदळ मारून झाल्यावर कळतें. आमच्या कुलवृत्तांताच्या हें नेमकें उलट आहे. तेथें आधीं नांगर आणि मग कागद. येथें आधीं कागद, आणि नांगराचें नांवच नाहीं. परंतु हाम्सूनपुढें हात जोडून उभें राहण्याचेंही कारण नाहीं. इसाकाच्या आधीं त्या रानांतून रेनडिअर घेऊन फिरणारे सामी लोक त्याच्या कादंबरींत कडेकडेनें वावरतात, आणि त्यांच्याविषयीं लेखकाची दृष्टि तुच्छतेची आहे. ज्यास तो पहिला माणूस म्हणतो तो पहिला नव्हताच. हाच लेखक पुढें नाझींच्या बाजूस गेला ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मातीची पूजा आणि माणसांची प्रतवारी यांची गांठ कशी पडते हें त्याच्या उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे. म्हणून मराठींत एक इसाक निर्माण व्हावा एवढीच आमची मागणी नाहीं. बदलापूरच्या रानांत आलेल्या कुणब्याच्या आधीं तेथें ठाकर आणि कातकरी होते, हें ज्यास ठाऊक आहे असा लेखक आम्हांस हवा.

अशा लेखकास साहित्य कमी पडणार नाहीं. एक राबाचीच गोष्ट घ्या. ठाणें जिल्ह्याच्या भातशेतींत रोपाची जागा आधीं भाजावी लागते: शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्याच्या अखेरीस ते पेटवावयाचे, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेंत बी पेरावयाचें. म्हणजे खाचर रानापासून तोडलें तरी दरवर्षीं त्यास रानाचा घांस द्यावा लागतो. इंग्रज सरकारनें वनें राखीव केलीं तेव्हां टहाळ तोडण्यावर बंधनें आलीं, जिल्हाभर ओरड झाली, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींसाठीं १८८५ मध्यें मुंबई सरकारास एक वनकमिशन नेमावें लागलें. टहाळाची एक मोळी आणि एक सरकारी कमिशन, यांच्यामध्यें केवढी कादंबरी पडून आहे ! ती कोणीं लिहिली नाहीं.

जें थोडें लिहिलें गेलें तें कादंबरीबाहेर. गोदावरी परुळेकरांचें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ (१९७०) हें पुस्तक १९४५ मधील वारल्यांच्या उठावणीचें आहे. जागा ह्याच जुन्या ठाणें जिल्ह्याची, पण बदलापूरपासून दूर, उत्तरेकडे डहाणू-तलासरीच्या बाजूची. लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं जन्मभर सावकाराच्या शेतावर राबणारा लग्नगडी, फुकट घ्यावयाची वेठ, हें त्यांत डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. लेखिका एका पक्षाची कार्यकर्ती आहे आणि तें ती लपवीत नाहीं. पुस्तकाचा सूर चळवळीचा आहे, आणि चळवळीबाहेरच्या माणसांस त्यांत न्याय मिळतोच असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्या माणसाच्या हातानें जमीन झाली त्याच्या हातांत ती कां राहिली नाहीं, हा प्रश्न मराठींत प्रथम सरळ विचारला तो ह्या पुस्तकानें. चापेकरांचा ग्रंथ आणि परुळेकरांचा ग्रंथ शेजारींशेजारीं ठेवून वाचावे अशी आमची वाचकांस शिफारस आहे. दोघांची मतें जुळण्यासारखीं नाहींत, आणि म्हणूनच ते एकत्र वाचण्यांत लाभ आहे.

बदलापुरास आज खाचरें शोधावीं लागतात. रेल्वेनें मुंबई जवळ आली ती १८५६ पासून. पण घरांसाठीं जमीन विकली जाऊं लागली ती पुष्कळ अलीकडे. बारवी नदीवर धरण झालें, त्याची उंची पुढें वाढविण्यांत आली, आणि मुरबाडकडच्या पाड्यांतील कुटुंबांस पुन्हां एकदां उठून दुसरीकडे पहिला बांध घालण्याची पाळी आली. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, ही आनंदाची गोष्ट; टोपलींतून तें जांभूळ स्टेशनापर्यंत आणणाऱ्या बाईच्या आजानें तें झाड कोणाच्या बांधावर लाविलें होतें, हें कोणीतरी तिला विचारावें.

विचारणें आतां केवळ वाङ्मयीन हौसेचें राहिलेलें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें, रानांतील जी जमीन आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून कसत आलें तिच्यावर त्यास हक्क सांगतां येतो. त्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तींत सरकारी कागद, नकाशे, पावत्या यांच्याबरोबरच एक पुरावा असा आहे: दावा करणाराखेरीज गांवांतील दुसऱ्या वृद्धाची जबानी, लिहून घेतलेली. अमक्याच्या बापानें हा बांध घातला, तेव्हां मी इतक्या वर्षांचा होतों, वरच्या अंगास एक ऐन होता, अशा जबान्या ठाणें आणि रायगड जिल्ह्यांच्या पाड्यांवर घेतल्या गेल्या आहेत. त्या मराठींत आहेत, किंवा मराठीच्या कुठल्यातरी बोलींत. त्यांतील कित्येक फेटाळल्या गेल्या असतील, कित्येक कचेऱ्यांच्या दप्तरांत बांधून ठेवलेल्या असतील. चापेकर न्यायाधीश होते. बदलापूरची दुसरी आवृत्ति काढावयाची असती तर त्यांनीं प्रथम हें दप्तर मागविलें असतें.